गाडी सव्वीस दिवस उभी आहे आणि कंपनी म्हणते, डिझेल खराब होतं

पत्र : आमची दहा चाकी गाडी आम्ही वीस महिन्यांपूर्वी कर्ज काढून घेतली, ३४ लाखांना. गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, तेच चालवतात, बरोबर एक क्लीनर असतो. हिशेब मी बघते. गेल्या महिन्यात भिवंडीहून किराणा माल भरून येताना खंबाटकी घाटात गाडीची ओढ गेली, पिवळा दिवा लागला, मग पांढरा धूर आणि इंजिनात ठोके. टोचन करून साताऱ्याजवळ कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. गाडी १ लाख ६२ हजार किलोमीटर झाली आहे, इंजिन वॉरंटीत आहे. त्यांनी इंजिन खोललं. तीन नंबरच्या पिस्टनला भोक पडलंय आणि त्याच नंबरचा डिझेल फवारणारा इंजेक्टर अडकलाय. चार दिवसांनी तोंडी सांगितलं की तुम्ही डिझेल खराब वापरलं, धूर साफ करायचा युरियाही हलका वापरला, वॉरंटी मिळणार नाही. सहा इंजेक्टर, पंप, रेल, पिस्टन, लायनर धरून ४ लाख ८५ हजारांचं एस्टिमेट दिलंय. आमचा हप्ता महिन्याला ५८ हजार आहे. एक सर्व्हिस ४ हजार किलोमीटर उशिरा झाली, हे खरं आहे. पैसे भरून गाडी सोडवू की केस करू? नवीन गाडीच मागता येईल का? माझ्या वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवते.

— एक वाचक भगिनी, कवठेमहांकाळ

ताई,

आधी एवढंच सांगतो : अजून एक रुपयाही भरू नका, आणि तुमच्या किंवा मिस्टरांच्या समोर सील झाल्याशिवाय त्या इंजिनातला एकही पार्ट आणि टाकीतलं एक लिटरही डिझेल इकडचं तिकडे होऊ देऊ नका. बाकी सगळं यानंतर.

एवढ्या घाईने हे का सांगतोय, तर २००९ मध्ये माझी स्वतःची गाडी अशीच उभी होती. हेड गॅस्केट एका वर्षात दोनदा गेलं. वर्कशॉपवाले म्हणाले, ड्रायव्हरने पाणी कमी असताना गाडी तापवली. मला पक्कं ठाऊक होतं की तसं झालेलं नाही, कारण ड्रायव्हर मीच होतो. हप्त्याच्या काळजीने मी पैसे भरले, गाडी बाहेर काढली आणि मग भांडायला गेलो. तोपर्यंत जुनं हेड आणि गॅस्केट भंगारात गेलेलं. समोरच्याने शांतपणे विचारलं, "दोष कशात होता, दाखवा." माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं. ते पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर पहिला विचार त्या पिस्टनचा आला. तो आत्ता कुठे आहे? कुणाच्या टेबलाखाली, की भंगाराच्या ड्रममध्ये?

आता इंजिनाचं बोलू. १ एप्रिल २०२० पासून देशभर धुराचे बीएस-६ नियम आले आणि जुना हिशेब बदलला. पूर्वीच्या इनलाइन पंपाच्या गाड्यांना थोडं मळकं डिझेल पचायचं. नोजल काढलं, साफ केलं, लाइनवरच्या मिस्त्रीने तासाभरात गाडी चालू करून दिली. कॉमन रेलमध्ये, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना जबर दाबाने डिझेल देणाऱ्या इंजिनात, ते होत नाही. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये साधारण १२० पौंड हवा असते, म्हणजे आठ बारच्या आसपास. रेलमध्ये डिझेलचा दाब १,८०० बारच्या घरात जातो, टायरच्या दोनशेपटीहून जास्त. आणि इंजेक्टरमधली सुई ज्या फटीत वरखाली होते, ती फट असते जेमतेम तीन-चार मायक्रॉनची. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. एवढ्या बारीक जागेत कचरा किंवा गंज गेला तर सुई अडकते. सुई उघडी अडकली की डिझेल फवाऱ्याऐवजी धारेने पडत राहतं, पिस्टनच्या डोक्यावर एकाच जागी जळतं, आणि ॲल्युमिनियम वितळून भोक पडतं. तुमच्या तीन नंबरला बहुतेक हेच झालंय.

प्रश्न एवढाच की सुई कशामुळे अडकली. खराब डिझेलाने अडकू शकते, आणि इंजेक्टर मुळातच सदोष असला तरी अडकू शकते. वर्कशॉपने पहिलं कारण उचललं. ते खरं असूही शकतं, मी नाही म्हणत नाही. पण ते दाखवायला हवं. नुसतं सांगून चालत नाही.

दाखवायचं कसं? सहाही इंजेक्टरना एकाच रेलमधून, एकाच पंपातून डिझेल जातं. डिझेलात पाणी असेल तर पंपाच्या आत आणि बाकीच्या सुयांवरही तांबूस गंजाचे डाग दिसतात. रॉकेलची भेसळ असेल तर वंगण कमी पडून पंप घासला जातो, त्यावर ओरखडे येतात, आणि बहुधा सगळ्यांवरच थोडेफार येतात. म्हणून माझा पहिला प्रश्न असा असता की उरलेले पाच इंजेक्टर आणि पंप खोलून पाहिले का. ते स्वच्छ निघाले आणि एकटाच तीन नंबर गेलेला असेल, तर "डिझेल खराब" हे कारण लंगडं पडतं. अर्थात एखादा कण एकाच इंजेक्टरमध्ये जाऊन बसू शकतो, त्यामुळे एवढ्यावर सगळं सिद्ध होत नाही. पण मग सहाच्या सहा बदलायचे पैसे कशासाठी मागताय, हे तरी त्यांना सांगावं लागेल.

आणखी एक. इंजेक्टर आणि पंप बहुतेक वेळा गाडीच्या कंपनीचे नसतात, वेगळ्या कंपनीकडून येतात, आणि वॉरंटीच्या पुस्तकात अनेकदा लिहिलेलं असतं की या वस्तूंची वॉरंटी त्या त्या कंपनीची. पुस्तकाचं ते पान काढून वाचा. तसं असेल तर निकाल वर्कशॉपच्या सुपरवायझरने डोळ्यांनी बघून द्यायचा नसतो. इंजेक्टर त्या कंपनीच्या अधिकृत सेंटरला जातो, टेस्ट बेंचवर लागतो, त्याचा छापील रिपोर्ट येतो. तो रिपोर्ट मागा. "रिपोर्ट नाही" असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या.

युरियाचं कारण मात्र मला अजिबात पटलेलं नाही, आणि ते त्यांनी कसं सांगितलं याचा रागही आला. युरिया, म्हणजे डीईएफ, इंजिनात जातच नाही. त्याची फवारणी सायलेन्सरच्या बाजूला होते, धूर इंजिनातून बाहेर पडल्यावर. हलक्या युरियाने खडे होतात, फवारणीचं नोजल चोंदतं, धूर साफ करणारा कॅटॅलिस्ट खराब होतो. पिस्टनला भोक पडत नाही. फक्त एकाच प्रकारे संबंध येऊ शकतो : अंधारात, घाईत कुणी युरियाचा कॅन चुकून डिझेलच्या टाकीत ओतला तर. मग डिझेलच्या लाइनमध्ये खडे होतात आणि इंजेक्टर हमखास जातो. मिस्टरांना आणि क्लीनरला हे वेगवेगळं, न रागावता विचारा. आणि हेही विचारा की युरिया वाचवायला कुणी गाडीला बाहेरून डबी बसवली होती का. बसवली असेल तर लढाई फार अवघड आहे, हे आत्ताच समजलेलं बरं.

आता तुमची वही. ताई, मी तीस वर्षं या धंद्यात आहे, पण अशी वही फार कमी मालकांकडे पाहिली. तारीख, पंप, लिटर, किलोमीटर, रक्कम, एकही दिवस सुटलेला नाही. हीच तुमची खरी ताकद आहे. पण एका ओळीवर माझी नजर थांबली. ९ फेब्रुवारी, वापी, १०० लिटर, ७,२०० रुपये, आणि पुढे बिल नंबराची जागा रिकामी. ७२ रुपये लिटरने पंपावर डिझेल मिळत नव्हतं, तेव्हा दर नव्वदीच्या आसपास होता. त्या पट्ट्यात रस्त्याकडेला "बायोडिझेल" म्हणून काय काय विकलं जातं, हे तुमच्या मिस्टरांना माझ्याइतकंच ठाऊक असेल. त्यांना विचारा. भांडू नका, तिथे उभे राहणारे ते एकटे नाहीत. लिटरमागे अठरा-वीस रुपये वाचतात म्हटल्यावर हप्ता फेडणारा माणूस थांबतोच.

ते पान फाडू नका, ओळ खोडू नका. एक पान गेलेलं दिसलं की बाकीच्या दोनशे पानांवरचा विश्वास जातो. उलट हिशेब मांडा. तुमच्याच वहीप्रमाणे त्या दिवसापासून गाडी बंद पडेपर्यंत ३८ हजार किलोमीटर झाले. चारच्या ॲव्हरेजने साडेनऊ हजार लिटर डिझेल त्यानंतर त्या इंजिनातून गेलं, सगळं बिलासकट. मध्ये एप्रिलची सर्व्हिस झाली. त्या सर्व्हिसच्या बिलात डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलल्याची नोंद आहे का, ते बघा. कंपनी म्हणेल की सुईवर एकदा ओरखडा आला तो भरून येत नाही, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच पार्ट जपून ठेवायला सांगतोय. ओरखडा आहे की नाही, हे पार्टच सांगतील. वकिलाला मात्र ही ओळ पहिल्याच दिवशी दाखवा.

पंपाची बिलं बहुतेक थर्मल कागदाची असतात, काही महिन्यांत शाई उडून कोरी होतात. आजच सगळ्यांच्या झेरॉक्स काढा. बऱ्याच बिलांवर डेन्सिटीही छापलेली असते, ती तुमच्या उपयोगाची.

चार हजार किलोमीटरच्या उशिराचं एवढं टेन्शन घेऊ नका. लपवूही नका, त्यांच्या कॉम्प्युटरवर ते आहेच. विचारायचं एवढंच की त्या उशिराचा आणि अडकलेल्या सुईचा संबंध काय. ऑइल उशिरा बदललं तर बेअरिंग, टर्बो यांच्यावर परिणाम होतो. डिझेलचा फिल्टर उशिरा बदलला गेला असेल तर मुद्दा थोडा त्यांच्या बाजूने जातो.

पिवळा दिवा लागल्यानंतर गाडी किती चालवली, हेही निघेल. घाटात माल भरलेली गाडी लगेच कडेला घेता येत नाही, हे कुणालाही कळतं. पण नंतर तशीच पुढे दामटली असेल तर ते ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, नोंदलेलं असतं. लॅपटॉप लावून निघालेले सगळे एरर कोड, ते कोणत्या किलोमीटरला आले, तेव्हा रेलचा दाब किती होता, याची प्रिंट मागा. इंजिन जोडल्यावर कोड पुसतात, म्हणून आत्ताच. गाडीत कंपनीचं टेलिमॅटिक्स, म्हणजे गाडीची माहिती आपोआप कंपनीला पाठवणारं यंत्र, असेल तर त्याचा डेटा कंपनीकडे आहे, तोही लेखी मागा.

आत्तापर्यंत जे झालं ते सगळं तोंडी आहे, ही तुमची मोठी अडचण. डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला, दोघांना एकच ईमेल करा. साध्या मराठीत चालेल. गाडीचा नंबर, चासी नंबर, जॉब कार्ड नंबर, गाडी आत गेल्याची तारीख. मग विचारा : वॉरंटी नाकारली आहे का, कोणत्या कलमाखाली, कोणत्या तपासणीच्या आधारावर, ती कुणी केली. पार्ट आणि डिझेलचा नमुना दोघांच्या समोर सील करायची मागणी करा. तोच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यांच्याकडून कंपनीला विचारणा जाते, आणि पुष्कळदा तेवढ्याने अर्धी किंवा पाऊण रक्कम कंपनीने भरायची तयारी निघते. तशी ऑफर आली तर रागाच्या भरात फेटाळू नका, पण "यापुढे काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करण्याआधी थांबा.

हे सगळं होईस्तोवर गाडी किती दिवस उभी ठेवायची? माझं मत असं : पार्ट आणि डिझेल सील झालं, तटस्थ माणसाकडून पाहणी झाली, फोटो निघाले, की पैसे भरून गाडी बाहेर काढा. रोजचं भाडं बुडवून तत्त्वासाठी गाडी वर्षभर उभी ठेवलेली घरं मी पाहिली आहेत, शेवटी गाडी ओढून नेली गेली. पैसे भरताना जॉब कार्डवर आणि पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा : "वॉरंटीचा हक्क राखून, हरकतीसह रक्कम भरत आहे." त्यांनी तसं लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी ईमेल करा. जुने पार्ट ताब्यात घ्या, त्यांची यादी सही-शिक्क्यासह. तटस्थ माणूस म्हणजे परवानाधारक सर्व्हेअर, नाहीतर मिरजेच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या यंत्र विभागाच्या शिक्षकांना विचारून बघा.

केस करायची वेळ आली तर पहिला अडथळा ठरलेला आहे. त्यांचा वकील म्हणेल, ट्रक धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, हे खरं. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून सोडवलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलंय : जो स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेतो तो ग्राहक, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. तुमचे मिस्टर स्वतः चालवतात, एक क्लीनर आहे, गाडी एकच आहे. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा, लायसन्स जोडा. घरात दुसरी-तिसरी गाडी असेल तर वकिलाला आधी सांगा.

गाडी ५० लाखांच्या आतली, म्हणून जिल्हा ग्राहक आयोग. आणि साताऱ्याला खेटे घालायची गरज नाही, कायद्याने तुम्ही राहता तिथे, सांगलीत, तक्रार करता येते. फी हजार रुपये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोगाला पार्ट किंवा डिझेल प्रयोगशाळेकडे पाठवता येतं. कायद्यात तीन ते पाच महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, तेवढी तयारी ठेवा.

नवीन गाडी मागू नका. वॉरंटी ही सदोष पार्ट बदलून देण्याची असते, सगळी गाडी बदलून देण्याची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात सांगितलंय. भरलेली रक्कम व्याजासह, उभ्या दिवसांचं बुडालेलं भाडं, टोचनचा खर्च, एवढं मागा. भाड्यासाठी मागच्या सहा महिन्यांच्या बिल्ट्या, म्हणजे माल नेल्याच्या पावत्या, आणि बँकेचं पासबुक लावा.

हप्त्याचं वेगळं. वॉरंटीचं भांडण आणि कर्ज यांचा फायनान्स कंपनीपुढे काही संबंध नसतो. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा, जॉब कार्ड दाखवा, मुदत वाढवून मागा, अर्जाची पोच घ्या.

"आमच्या इंजिनात दोष असूच शकत नाही" असं कुणी म्हणालं तर दबून जाऊ नका. अमेरिकेत नेव्हिस्टार या ट्रक कंपनीने २०१० च्या धुराच्या नियमांसाठी युरिया न वापरता, धूर परत इंजिनात फिरवून काम भागवायचं ठरवलं. मॅक्सफोर्स नावाची ती इंजिनं मालकांना इतकी नडली की २०१२ मध्ये कंपनीला ती वाट सोडून युरियाकडे वळावं लागलं, आणि मालकांच्या सामूहिक दाव्यात साडेतेरा कोटी डॉलरची तडजोड झाली. तिथेही एकट्या माणसाला आधी हेच ऐकावं लागलं असेल. म्हणून मिस्टरांना सांगा, मिरज, कराड, भिवंडीच्या अड्ड्यांवर तुमच्याच मॉडेलच्या गाड्यांची चौकशी करा. आणखी दोघांचा तीन नंबर किंवा कुठलाही इंजेक्टर याच किलोमीटरच्या आसपास गेला असेल तर त्यांची जॉब कार्डं मिळवा.

सोमवारी वर्कशॉपला दोघंही जा. बरोबर लिटरभराच्या तीन कोरड्या काचेच्या बाटल्या, पांढरं कापड, सुतळी, लाख आणि मार्कर न्या. टाकीत डिझेल उरलं असेल तर तळाशी असलेल्या ड्रेन प्लगमधून तिन्ही बाटल्या भरा, बूच कापडाने बांधा, लाख लावा, तारीख आणि गाडीचा नंबर लिहा, वर्क मॅनेजरची सही घ्या. एक त्यांना द्या, एक प्रयोगशाळेला, एक घरी फडताळात ठेवा. सहीला नकार दिला तर मोबाइलवर सगळं शूट करा आणि तिथेच बसून ईमेल पाठवा. पिस्टन आणि तीन नंबरचा इंजेक्टर समोर मागवा, जवळून फोटो काढा, त्यांच्यावरचे नंबर वहीत उतरवून घ्या. आणि त्यांचं उत्तर आलं की मला परत लिहा, काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द पाठवा.